अठ्ठावीस दिवसांचे मणी

१ नोव्हेंबर १९९९, सोमवार

सगळं मुसळ केरात. नऊ महिन्यांतलं तेविसावं मिश्रण, आणि मण्यांनी आजही तेच केलं. अठ्ठावीस दिवस पुरवून सोडायचं औषध पहिल्या चोवीस तासांत ओकून मोकळे झाले. चौसष्ट टक्के!

काम सांगायला इतकं सोपं आहे की परवा शेजारच्या प्रभाताईंना जिन्यात दोन मिनिटांत सांगून झालं. हाडाच्या आत पू झाला की गोळ्या-इंजेक्शनं तिथवर नीट पोचत नाहीत. म्हणून सर्जन हाडाच्या पोकळीत औषध भरलेले सिमेंटचे मणी ठेवतात. औषध संपतं, मणी राहतात, आणि ते काढायला पाय पुन्हा उघडावा लागतो. आमचे मणी अंगातच विरघळणार. दोन पॉलिमर आहेत, एक काचेसारखं कडक, एक मेणासारखं मऊ. दोन्ही शरीरात हळूहळू विरून जातात. कुठलं किती घ्यायचं, एवढाच प्रश्न. प्रभाताई म्हणाल्या, "म्हणजे लाडवाच्या पाकासारखंच की!" हो. फक्त हा लाडू नऊ महिने वळत नाहीये.

नवऱ्याची, हरीशची, कंपनी नोएडात, माझी मानेसरला, घर मयूर विहारला. म्हणजे तो वीस मिनिटांत ऑफिसात, आणि मी दोन तास चार्टर्ड बसमध्ये बायकांच्या स्वेटरच्या नमुन्यांवरची चर्चा ऐकत. पुण्याची सरकारी प्रयोगशाळा मी स्वखुशीने सोडली, हे रोज स्वतःला सांगावं लागतं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस आणि खुराना साहेबांचा नवा हुकूम. हे आमचे मालक. फरीदाबादला ट्रॅक्टरचे भाग बनवायचे, आता औषधं बनवणार. "रेवती जी, इक्कीसवीं सदी आ रही है, हम लोहे में ही रहेंगे क्या?" माणूस उत्साही आहे, पण उत्साहाला डिझेल लागतं हे त्यांना आजच कळलं. संध्याकाळी सातनंतर कोणी नसतं, तेव्हा जनरेटर बंद. चौकीदार म्हणे त्याच्यावर टीव्ही बघत होता. फक्त फॅक्सच्या खोलीला इन्व्हर्टर बसवला, कारण डेन्मार्कच्या भागीदारांचे फॅक्स अवेळी येतात.

मला काय, मी साडेपाचलाच बस पकडते. टीव्हीच्या भानगडीत माझा अर्धा तास खाल्ला.

२२ नोव्हेंबर, सोमवार

चोविसावं मिश्रण. सत्तर भाग कडक, तीस मऊ, आणि वाळवण्याचा वेग निम्मा. साडेचारला मणी पाण्यात सोडले. मोठ्या वॉटर बाथमध्ये जागा एकाच संचाची, म्हणून दुसरा संच सतबीरच्या ताब्यात, फॅक्सच्या खोलीतल्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये. दोन्हीकडे सदतीस अंश, शरीराइतकं.

सतबीर माझा तंत्रज्ञ, कासन गावचा, पस्तिशीतला. आधी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. सकाळी साडेसातला येऊन प्रयोगशाळा उघडतो, आणि मी पावणेदहाला पोचले की माझ्यापुढे वही धरून उभा राहतो. "मैडम जी, साइन." पर्स खांद्यावरून उतरवायच्या आत! तिथल्या कारखान्यात म्हणे दिवस उजाडला की आधी वहीच भरायची असते. मी सही करते आणि चहा मागवते.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा टक्के!!

दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा नवीन पिपेटने मोजलं. चौदाच.

आणि सतबीरच्या संचाचे एकसष्ट. तेच मणी, तीच बाटली, तोच दिवस. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणतो, "मैडम जी, जो आपने बताया वही किया." जो आपने बताया! मी सांगितलं असतं तर चौदा आले नसते का?

रात्री जेवताना घरात सांगितलं की मणी एकदम विरघळले नाहीत. कृतिका म्हणाली, "आई, विरघळणे मतलब घुल जाना ना?" नऊ वर्षांची मुलगी, आईवडील दोघेही पुण्याचे. मी म्हटलं, "हो. आणि मतलब नाही, म्हणजे." ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे." हरीश हसला. त्याला हसायला काय जातंय.

२ डिसेंबर, गुरुवार

दहावा दिवस. माझा ग्राफ रेघ मारावी तसा सरळ चाललाय. सतबीरचा संच जवळजवळ रिकामा.

आज मी त्याला समोर बसवून शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. शांतपणा पाच मिनिटं टिकला. मी विचारते, तुझे आकडे असे का, तो सांगतो, "मैडम जी, रात नै बिजली खेतां में जावै सै. सबेरे पाणी ठंडा मिलै सै." हे त्याने सोमवारीही सांगितलं होतं. त्यांच्याकडे गव्हाला पाणी देण्यासाठी वीज रात्री सोडतात, म्हणजे हा रात्रभर थंड पाण्यात उभा राहून शेत भिजवतो आणि इथे पेंगुळलेल्या हातांनी माझे नमुने काढतो. मला दया आली, नाही असं नाही. मी म्हटलं, "सतबीर, गेहूं देखना है तो छुट्टी ले लो. पर यहां आओ तो ध्यान यहां रखो." तो काहीतरी बोलणार होता. माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडचा टायपिस्ट बघायला आला.

त्यानंतर सतबीर दिवसभर गप्प. बरं झालं.

९ डिसेंबर, गुरुवार

शेवटी कंटाळून खुराना साहेबांना लेखी दिलं. तंत्रज्ञ निष्काळजी आहे, त्याचा संच ग्राह्य धरू नये. त्याच्या आकड्यांवर लाल शाई फिरवली आणि शेरा मारला, हाताची चूक. त्याला नमुन्यांवरून काढून साफसफाई आणि नोंदींवर ठेवलं. सकाळी कुलूप उघडायला कोणीतरी हवंच.

असं लिहायला आवडलं नाही, पण माझे नऊ महिने काय फुकट गेलेत?

२० डिसेंबर, सोमवार

अठ्ठावीस दिवस पूर्ण. पहिल्या दिवशी चौदा, शेवटी एक्याण्णव. मधली रेघ एकसारखी. पाठ्यपुस्तकातही असा ग्राफ सापडायचा नाही.

खुराना साहेबांनी पिस्त्याची बर्फी वाटली. डेन्मार्कला फॅक्स गेला आणि दोन तासांत उत्तर आलं: माणसांवर चाचणी सुरू करा. ती जिथे होणार त्या रुग्णालयाच्या समितीने सशांवरची उन्हाळ्यातली जुनी चाचणी ग्राह्य धरली आहे, जुन्या मिश्रणावरची. मी म्हटलं, मिश्रण बदललंय, निदान सहा ससे तरी. साहेब म्हणाले, "बदला तो अच्छे के लिए ना?" मी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला.

सतबीरलाही बर्फी दिली. त्याने ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

२४ डिसेंबर, शुक्रवार

रुग्णालयात डॉ. मेहरोत्रांना भेटले. हाडांचे सर्जन, बोलणं तुटक, हात मोठे. चाचणीचा पहिला रुग्ण त्यांनी निवडलाय. गुलशन, करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. स्कूटरवरून पडला, नडगी मोडली, आत पू झाला. दोन वर्षांत तीन ऑपरेशनं. मधुमेह आहे, किडन्या काठावर. म्हणूनच आमचे मणी त्याला सोयीचे, डॉक्टर म्हणाले. औषध हळूहळू, थोडं थोडं सुटेल, रक्तात फार जाणार नाही. एकदम सुटलं तर हेच औषध किडन्या आणि कान खातं.

गुलशनने मला बसायला खुर्ची पुढे केली, स्वतःचा पाय पट्ट्यांत असताना. "मैडम, बस इतना बता दो, दुबारा तो नहीं काटोगे?"

"नहीं," मी म्हटलं. "बिल्कुल नहीं."

१ जानेवारी २०००, शनिवार

हरीश सकाळी घरी आला, डोळे लाल. कॉम्प्युटर सगळे चालू. २००० साल लागताच ते तारखा चुकून बंद पडतील म्हणून दोन वर्षं राबले आणि काहीही झालं नाही. तो पलंगावर पडून म्हणाला, "आता सगळे म्हणतील उगाच ओरडलात." मी म्हटलं, निदान तुझं काम संपलं.

१२ जानेवारी, बुधवार

नीट लिहिते. क्रमाने.

धुक्यामुळे चार्टर्ड बस येणार नाही असं कालच कळलं होतं. हरीशला गुडगावला काम होतं, म्हणून त्याने पहाटे निघून मला मानेसरपर्यंत सोडलं. साडेसातला पोचले. सतबीर कुलूप काढत होता. मला बघून दचकला.

आत वीज नव्हती. वॉटर बाथचा दिवा बंद. सतबीरने भिंतीवरचा थर्मामीटर काढून पाण्यात धरला, वाचला, वहीत लिहिलं. मी पाण्यात हात घातला.

बर्फ.

"ये कब से बंद है?"

"रोज, मैडम जी. शाम सात बजे लाइन जावै सै, सबेरे आठ बजे आवै सै. नौ-साढ़े नौ तक पाणी गरम हो जा सै."

मी वही हातात घेतली. पहिल्यांदाच. नऊ नोव्हेंबरपासून रोजचं एक पान, सुबक हिंदी अक्षरात: वेळ, वीज नाही, पाण्याचं तापमान. एकवीस. एकोणीस. सोळा. डिसेंबरच्या शेवटी अकरा. प्रत्येक पानाखाली माझी सही. लफ्फेदार.

थंड पाण्यात औषध सुटत नाही, यात शोध तो काय? माझे मणी दिवसाचे दहा तास काम करत होते आणि रात्रभर थिजून पडत होते. जनरेटर बंद, आणि शेतातल्या मोटरींसाठी कारखान्यांची लाइन रात्री बंद. फॅक्सच्या खोलीत मात्र इन्व्हर्टर होता. तिथलं इन्क्युबेटर रात्रभर सदतीसवर. तिथला संच म्हणजे माणसाचं अंग. माणसाचं अंग रात्री थंड होत नाही.

एकसष्ट टक्के खरे होते. त्यांच्यावर मी लाल शाई फिरवली.

आणि तो गव्हाचं बोलतच नव्हता. तो हेच पाणी म्हणत होता.

गुलशनचं ऑपरेशन सोमवारी आहे.

१३ जानेवारी, गुरुवार

काल दुपारीच ताजे मणी फॅक्सच्या खोलीत लावले होते. आज साठ टक्के. मनाच्या कोपऱ्यात आशा होती की चौदा येतील. काय माणूस असतो.

१४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी खुराना साहेबांसमोर दोन्ही ग्राफ ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रेवती जी, डेटा किसका है?"

"मेरा."

"साइन?"

"मेरी."

"तो अब मैं डेन्मार्क को क्या बोलूं? कि हमारे यहां रात को बिजली नहीं होती?" ओरडले नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. मग म्हणाले, एकाच रुग्णाचा प्रश्न आहे, मणी थोडे, सर्जन हुशार, रोज रक्त तपासतील. सोमवार जाऊ द्या, मग सावकाश नवीन बॅच काढू. डॉक्टरांना आत्ता सांगितलं तर रुग्णालय पुन्हा दारात उभं करणार नाही. आणि निघताना: "जनरेटर मैंने बंद कराया, ये भी लिखोगी?"

मी म्हटलं, "लिखूंगी."

घरी प्रभाताईंनी तिळगुळाची वाटी पाठवली होती. गोड बोला म्हणे!

हरीशला सगळं सांगितलं. त्याने तिळगुळाचा एक तुकडा मोडला. मग म्हणाला, "आठवडाभर थांबता नाही येणार? कदाचित काही होणारही नाही. तू आरडाओरडा केलास आणि काहीच झालं नसतं तर? माझ्याकडे बघ."

"तुमचं काही झालं नाही कारण तुम्ही दोन वर्षं आधी ओरडलात," मी म्हटलं. "मी सोमवारनंतर ओरडू?"

तो म्हणाला, "नको." मग उठून कुकर लावायला गेला. मला त्याचा राग आला होता, तो कुकरची शिट्टी होईपर्यंत टिकला.

१५ जानेवारी, शनिवार

डॉ. मेहरोत्रांना घरून फोन केला. मी ठरवलेलं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच ते म्हणाले, "कितना परसेंट?"

"साठ. पहिले दिन."

 मग ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. बरोबर बोलले. शेवटी म्हणाले, सोमवारी जुनेच सिमेंटचे मणी बसवतील. सहा आठवड्यांनी पुन्हा पाय उघडतील. "ये बात गुलशन को आप बताएंगी. मैं नहीं."

दुपारी रुग्णालयात जाऊन सांगितलं. त्याला टक्के-बिक्के काही कळले नाहीत. एवढंच कळलं की दुबारा काटेंगे. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आपने आके बताया, वही बहुत है." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं. कोणी चार शब्द सुनावले असते तर बसमध्ये रडू आलं नसतं.

१८ जानेवारी, मंगळवार

सतबीरला काढून टाकलं. डेन्मार्कला गेलेल्या फॅक्समध्ये कारण दिलंय: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा, ज्याची लेखी तक्रार शास्त्रज्ञाने नऊ डिसेंबरलाच केली होती. सोबत माझ्या पत्राची प्रत. माझंच अक्षर, माझीच भाषा, किती ठाम!

मी खुराना साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आप ही ने तो लिखा था." खरं होतं. 

मग फॅक्सच्या खोलीत गेले आणि स्वतःच्या सहीने दुसरा फॅक्स पाठवला. वीज, जनरेटर, वाचल्याशिवाय केलेल्या सह्या, लाल शाई. सोबत सतबीरच्या वहीची सगळी पानं. यंत्र पान पान ओढत होतं. साहेब दारात येऊन उभे राहिले, बघत राहिले आणि निघून गेले. थांबवलं नाही. का नाही थांबवलं, मला अजून कळलेलं नाही.

२२ जानेवारी, शनिवार

कासनला गेले. शेअर ऑटोतून उतरून गव्हाच्या बांधावरून. सतबीर बाजेवर बसून वडिलांचे पाय चेपत होता. मला बघून उठला, खुर्ची मागवली, चहा मागवला. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून आणली होती. ती त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "मैडम जी, लिख के दे दो. कंपनी के कागज पे. जहां जाऊंगा, पूछेंगे क्यों निकाला."

ते मी लिहूनच आणलं होतं, शिक्क्यासह. हिंदीत, चार वेळा खोडून. तो सावकाश वाचू लागला, ओठ हलवत, वडिलांना ऐकू जाईल असं. एका ओळीवर थांबला.

"यहां लिखा सै, सतबीर ने समय पर सूचना दी."

"दी थी ना. दो बार."

"दो बार दी. फेर मन्नै बताणा छोड़ दिया. वो भी लिखो."

"उसकी क्या जरूरत है? तुम्हारा ही नुकसान होगा."

"सच्ची बात सै. डेढ़ महीना मैं चुप रहा. बेरा था मन्नै, पाणी ठंडा सै. चुप रहा."

बेरा था, म्हणजे ठाऊक होतं. मी चिडले. तिथेही चिडले, त्याच्या अंगणात! इतकं चांगलं पत्र, शिक्का मारलेलं. तो पेन पुढे करून उभा. वडील बघतायत.

"अच्छा. क्यों छोड़ा, ये क्या लिखूं?"

सतबीरने चहाचा कप माझ्या हाताशी सरकवला.

मी पत्राच्या समासात लिहिलं: त्यानंतर सतबीरने सांगणं थांबवलं, कारण मी त्याच्यावर ओरडले. खाली पुन्हा सही केली. त्याने वाचलं, वडिलांना वाचून दाखवलं आणि कागद घडी घालून आत नेऊन ठेवला.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

डेन्मार्कचं उत्तर आलं. लांबलचक, थंड. जुना करार स्थगित. सहा महिन्यांत पूर्ण अभ्यास नव्याने करून दाखवा, तापमानाच्या नोंदींसह. शेवटी एक ओळ: पाठवलेल्या कागदपत्रांत तंत्रज्ञाची वही हाच एकमेव विश्वसनीय भाग वाटला. खुराना साहेबांनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाले, "बुला लो उसको."

सतबीर आला नाही. जुन्याच कारखान्यात परत लागलाय. कंपनीची बस दारातून नेते म्हणाला, आणि तिथे लोक त्याला सतबीर जी म्हणतात.

रात्रीचा जनरेटर सुरू झालाय. पंचविसावं मिश्रण अठ्ठावन्न टक्के. सव्विसावं पंचावन्न. या वेगाने कृतिकाच्या लग्नापर्यंत चौदावर येईन.

२९ फेब्रुवारी, मंगळवार

काल गुलशनचा पाय पुन्हा उघडला. आज दुपारी मी गेले. जायचं नव्हतं; डॉ. मेहरोत्रांनी फोन करून बोलावलं होतं. ते वॉर्डात होते, लांबूनच मान हलवली. पू गेलाय, हाड भरतंय, असं त्यांच्या सहायकाने सांगितलं.

गुलशन उशीला टेकून बसला होता, चेहरा उतरलेला. उशाशी काचेच्या बाटलीत तारेत ओवलेले सिमेंटचे मणी, धुऊन स्वच्छ केलेले. त्याने बाटली उचलून माझ्यासमोर हलवली.

"देखो मैडम, मेरा हार."

 मी बाटली हातात घेतली. तीस मणी, मी मोजले. एकही विरघळला नव्हता.

"आपवाले कब तक आएंगे?"

"पता नहीं, गुलशन जी. अभी खराब हैं."

"कितने खराब?"

"पचपन परसेंट."

तो विचारात पडला, दुकानदार पडेल मालाबद्दल विचार करतो तसा. मग म्हणाला, "चलो. दूसरी टांग तक बन जाएंगे."

बायको त्याच्यावर जोरात ओरडली, असं अभद्र बोलतात का म्हणून. तो हसला, आणि हसताना पाय दुखला म्हणून कळवळला, आणि मग तिघंही हसलो. डॉक्टरांनी लांबून बघितलं आणि आवाज कमी करायला सांगितलं.